रांगेतली पहिली गाडी

कापसाच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावच्या बाजूला जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. आत काटा तयार असतो, प्रत पाहणारा माणूस तयार असतो, गंजीवर कापूस चढवणारे मजूरही हात झटकून उभे असतात. पण रांगेतली पहिलीच ट्रॉली फाटकात अडली, तर या सगळ्या तयारीचा उपयोग शून्य. मागच्या प्रत्येक गाडीतला कापूस चांगला, उतरवणारे हात मोकळे, तरी सगळं जागच्या जागी. दिवस मावळतो आणि रांग रस्त्यापर्यंत येते.

माणसाच्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असंच एक फाटक आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याचं नाव ‘लयकारिका’ असं येतं. पेशीतलं जुनं, वापरून झालेलं सामान या इवल्या पिशव्यांत येतं, तिथे त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे पुन्हा कामी लागतात. तुकडे करणारे कामगार म्हणजे विकर. बोलीत आता सर्रास एन्झाइम म्हणतात. एका विशिष्ट मालासाठी इथे डझनभर विकर एकामागोमाग एक उभे असतात आणि त्यांचा क्रम बदलत नाही. पहिल्याने आपलं काम केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही. त्यांतला एखादा जन्मतःच गैरहजर असेल, तर बाकीचे सगळे धडधाकट असूनही रिकामे बसतात. माल साचत राहतो. महिन्यांमागून महिने, वर्षांमागून वर्षं.

हा माल म्हणजे गंधकयुक्त साखरेच्या लांबच लांब साखळ्या. साखर म्हटलं की चहा आठवतो, पण या साखळ्या गोड नसतात आणि ऊर्जेसाठीही नसतात. वेगवेगळ्या शर्करांचे मणी एकाआड एक ओवलेले आणि ठिकठिकाणी त्यांना सल्फेट चिकटलेलं, अशी त्यांची रचना. सल्फेट हा शब्द कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या माणसाला नवा नाही. झिंक सल्फेट तो शेतात टाकतो, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट हे त्याला ठाऊक असतं. तेच सल्फेट शरीरातल्या या साखळ्यांवर ऋण विद्युतभार आणतं, आणि त्या भारामुळे साखळ्या पाणी धरून ठेवतात. गुडघ्यातली कूर्चा दाब सोसते ती या पाण्याच्या बळावर. त्वचेची लवचीकता, बुबुळाची पारदर्शकता, हृदयाच्या झडपांचा मऊपणा या सगळ्यांत त्यांचा वाटा आहे.

या घराण्यातली काही मंडळी बाजारातही भेटतात. गुडघेदुखीवर औषधाच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतलं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हे त्यांतलंच. डायलिसिसच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून वापरतात ते हेपारिनही त्यांतलंच; ते बहुतांशी डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलं जातं. आइस्क्रीमला दाटपणा देणारं कॅराजीनन समुद्री शेवाळातून येतं आणि तीही सल्फेट लागलेली शर्करासाखळीच आहे. हेपारिन तोडणारा पहिला जिवाणू १९५६ मध्ये मातीत सापडला. जे काम मातीतला जिवाणू सहज करतो, तेच एखाद्या लेकराच्या पेशीला जमत नाही, तेव्हा काय होतं याची ही हकिकत आहे.

मूल जन्मतं तेव्हा काहीच वेगळं दिसत नाही. वजन चांगलं, अंग गुटगुटीत. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष जातं. मग नाक सतत वाहू लागतं, कान फुटतो, झोपेत घोरणं सुरू होतं. पोट पुढे येतं, कारण यकृत आणि प्लीहा मोठ्या होत असतात. बेंबीशी किंवा जांघेत हर्निया दिसतो. डोकं वयाच्या मानाने मोठं, नाकाचा दांडा बसका, ओठ जाड, केस दाट. बोटं पूर्ण सरळ होत नाहीत. पाठीला कंबरेच्या वर बाक येतो. आजी म्हणते, मुडदूस झालाय, उन्हात बसवा. कुणी म्हणतं नजर लागली. दोन्ही बोलणी मायेचीच असतात, पण साचणारा माल साचतच राहतो.

या आजारांच्या कुळाला म्युकोपॉलिसॅकरायडोसिस म्हणतात. डॉक्टर आणि पालक दोघेही ‘एमपीएस’ असंच म्हणतात. कोणता विकर गैरहजर आहे त्यावरून त्याचे प्रकार पडतात, आणि बहुतेक प्रकारांना ते पहिल्यांदा नोंदवणाऱ्यांची नावं लागली आहेत. कॅनडातल्या विनिपेगमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स हंटर या डॉक्टरने १९१७ मध्ये लंडनच्या वैद्यकसभेच्या वृत्तात दोन भावांची नोंद केली. एक दहा वर्षांचा, दुसरा आठ वर्षांचा. दोन वर्षांनी म्युनिकच्या गर्ट्रूड हर्लर यांनी अशाच, पण अधिक तीव्र आजाराच्या बाळांचं वर्णन केलं. १९२९ मध्ये उरुग्वेच्या लुईस मॉर्कियो यांनी हाडांवर आघात करणारा प्रकार सांगितला, ज्यात बुद्धी शाबूत राहते पण उंची तीन-साडेतीन फुटांवर थांबू शकते. १९६३ मध्ये सॅनफिलिपो आणि मारोतो-लामी या दोन प्रकारांची भर पडली.

मधल्या काळात, १९३० च्या दशकात, वैद्यकीय पुस्तकांनी या मुलांना एक नाव दिलं होतं: युरोपातल्या चर्चच्या छपरावर पाणी सोडण्यासाठी कोरलेल्या विद्रूप दगडी तोंडांवरून घेतलेलं. लेकराच्या चेहऱ्याला असं नाव देणं क्रूर होतं. ते टाकून द्यायला वैद्यकशास्त्राला काही दशकं लागली, पण टाकलं हे बरं झालं.

हंटरच्या प्रकारात जो विकर नसतो त्याचं नाव आयड्युरोनेट-टू-सल्फेटेज. साखळीच्या टोकाला असलेल्या आयड्युरोनिक आम्लाच्या मण्यावरून सल्फेटचा तुकडा उचलणं, एवढंच त्याचं काम. तो तुकडा निघाला की पुढचा विकर, आयड्युरोनिडेज, तो मणीच काढून घेतो. हर्लरच्या प्रकारात हा दुसरा गैरहजर असतो. मग तिसरा येतो, चौथा येतो. हेपरान सल्फेट नावाच्या साखळीवर हे सगळे टोकाकडूनच काम करतात, मधूनच घाव घालू शकत नाहीत. म्हणूनच फाटकातल्या पहिल्या गाडीची उपमा इथे अगदी चपखल बसते. पहिल्या मण्यावरचं एक सल्फेट निघालं नाही, तर मागची अख्खी साखळी तशीच पडून राहते.

सल्फेट काढणाऱ्या या विकरांना सल्फेटेज म्हणतात आणि माणसात असे सतरा आहेत. त्यांची एक गंमत शास्त्रज्ञांना बऱ्याच उशिरा कळली. विकर तयार होताना तो लगेच कामाला लागत नाही. त्याच्या मर्मस्थानी असलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचं रूप आधी दुसऱ्याच एका विकराने पालटावं लागतं. जर्मनीत गॉटिंगेनच्या कुर्ट फॉन फिगुरा यांच्या गटाने १९९५ मध्ये हे दाखवून दिलं. ही कळ फिरवणारा विकरच नसेल तर सतराच्या सतरा सल्फेटेज तयार होऊनही लुळे राहतात. असा आजार आहे, फार विरळ आहे आणि फार कठोर आहे.

हे सगळं उलगडलं कसं, यात सर्वांत सुंदर भाग एलिझाबेथ न्यूफेल्ड यांचा आहे. रशियातून परागंदा झालेल्या ज्यू आईवडिलांच्या पोटी १९२८ मध्ये पॅरिसला त्यांचा जन्म झाला. १९४० मध्ये कुटुंब अमेरिकेला पोचलं. कॅलिफोर्नियात बर्कलीला असताना त्या वनस्पतींमधल्या शर्करांवर काम करत होत्या. माणसांच्या आजाराशी त्यांचा काही संबंध नव्हता. पुढे बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत त्यांनी हंटर आणि हर्लर मुलांच्या त्वचेतल्या पेशी काचपात्रांत वाढवायला घेतल्या. तोवर अनेकांना वाटत होतं की या मुलांचं शरीर या साखळ्या गरजेपेक्षा जास्त तयार करतं, म्हणून त्या साचतात. न्यूफेल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी किरणोत्सारी गंधक घातलेलं सल्फेट पेशींना दिलं आणि ते कुठे जातं याचा माग काढला. तयार होण्यात काहीच बिघाड नव्हता. निरोगी पेशीत आलेलं सल्फेट काही काळाने बाहेर पडत होतं. आजारी पेशीत ते बाहेरच पडत नव्हतं.

मग हंटरच्या पेशी आणि हर्लरच्या पेशी एकाच पात्रात आल्या, आणि दोन्हींमधला साठा ओसरला.

दोन आजारी पेशींनी एकमेकींना बरं केलं होतं. एका घरात मीठ संपलेलं, दुसऱ्यात विरजण. वाट्या इकडच्या तिकडे गेल्या आणि दोन्ही घरांचा दिवस निभावला, तसं काहीसं. हंटरच्या पेशी जो विकर बाहेर सोडत होत्या तो हर्लरच्या पेशींना हवा होता आणि उलटही. १९६८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. चार-पाच वर्षांत या दोन्ही ‘दुरुस्त करणाऱ्या घटकां’ची नेमकी ओळख पटली: एक आयड्युरोनिडेज, दुसरा आयड्युरोनेट सल्फेटेज. बाहेरून आलेला विकर पेशी ओळखते कशी, हे १९७७ च्या सुमारास विल्यम स्लाय आणि सहकाऱ्यांनी शोधलं. विकरावर मॅनोज-६-फॉस्फेट नावाची छोटी खूण असते, पाकिटावरच्या पिनकोडसारखी. ती असली की पेशी त्याला आत घेते आणि थेट लयकारिकेपर्यंत पोचवते.

म्हणजे विकर बाहेर बनवून रक्तातून दिला तर पोचू शकतो. कल्पना एवढी सरळ, पण प्रत्यक्षात यायला आणखी पाव शतक गेलं. हर्लरच्या प्रकारासाठी लॅरोनिडेज हे औषध २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयाच्या पेशींत माणसाचा जनुक घालून बनवतात. २००५ मध्ये मारोतो-लामीसाठी गॅल्सल्फेज, २००६ मध्ये हंटरसाठी आयड्युरसल्फेज आणि २०१४ मध्ये मॉर्कियोसाठी एलोसल्फेज आलं. आठवड्यातून एकदा, सलाईनमधून, तीन-चार तास, आणि आयुष्यभर. यकृत-प्लीहा लहान होतात, चालण्याचा दम वाढतो, श्वास सुधारतो. जुनं नुकसान, विशेषतः हाडांतलं, मात्र भरून येत नाही. रक्तातून दिलेला विकर मेंदूभोवतीचा पडदा ओलांडत नाही, म्हणून ज्या प्रकारांत मेंदू झिजतो तिथे ही औषधं अपुरी पडतात. जपानने २०२१ मध्ये हंटरसाठी एक नवं औषध मंजूर केलं. त्यातला विकर लोहवाहक प्रथिनासाठी असलेल्या वाटेने मेंदूत शिरतो. हर्लरच्या तीव्र प्रकारात दोन-अडीच वर्षांच्या आत अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं, तर दात्याच्या पेशीच आयुष्यभर विकर पुरवतात आणि बुद्धीही बरीच वाचते. इथे आठवड्यांनाही किंमत असते.

हे कुणाच्या घरी होतं? सगळ्या प्रकारांचा मिळून विचार केला तर साधारण पंचवीस हजार जन्मांत एक, असा जगातला अंदाज सांगितला जातो. एकेकटा प्रकार लाखात एखादा. पण सरासरी सगळ्या घरांवर सारखी पडत नाही, आणि इथे मराठी माणसाला आपल्या नात्यांकडे पाहावं लागतं.

मराठीत सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणतात, सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याचीही पद्धत होती. हे शब्द नुसत्या आदराचे नाहीत. मुलाने मामाच्या मुलीशी लग्न केलं की त्याचा सासरा खराच मामा असतो आणि त्या मुलीची सासू खरीच आत्या. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा कसा आहे हे दाखवलं: उत्तरेसारखं भावकीत लग्न नाही, पण दक्षिणेसारखी मामेबहीण मात्र चालते, बऱ्याच जातींत तर तिला पहिली पसंती. ‘मामाच्या मुलीवर पहिला हक्क’ हे वाक्य आजही लग्नघरात हसत हसत बोललं जातं. त्यामागे शेत, सोयरीक, ओळखीच्या घरात लेक देण्याचा विश्वास, अशी समजण्यासारखी कारणं होती.

जनुकांचा हिशेब या कारणांना ओळखत नाही. हंटर सोडून एमपीएसचे इतर प्रकार हे आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आला तरच होतात. असा एकच जनुक असलेला माणूस आयुष्यभर निरोगी राहतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. मामेबहीण-आतेभाऊ यांच्यात सरासरी एक अष्टमांश जनुक सामाईक असतात, कारण आजी-आजोबा एकच. त्या आजोबांकडे लपलेला एखादा सदोष जनुक दोन्ही शाखांतून खाली येऊन एकाच बाळात भेटण्याची शक्यता त्यामुळे वाढते. नवरा-बायको दोघांकडेही तो असला, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढा धोका असतो. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही. नात्याबाहेर, पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच छोट्या पोटजातीत लग्नं होत राहिली, तरी हेच थोड्या कमी प्रमाणात घडतं.

हंटरचा प्रकार वेगळा. त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो आणि वाहक आई असते. तिच्या प्रत्येक मुलग्याला निम्मा धोका. घरात हे कळलं की बोट कुणाकडे वळतं हे सांगायला नको. त्या बाईने काही खाल्लं नाही, काही केलं नाही, तिला स्वतःला काही झालंही नाही. तिला तो जनुक तिच्या आईकडून मिळालेला असू शकतो किंवा कधी नव्यानेच बदललेला असतो. बापाच्या रंगाइतकाच तो तिच्या हाताबाहेरचा आहे. जनुकीय समुपदेशनात डॉक्टर ही गोष्ट सासू-सासऱ्यांना समोर बसवून सांगतात, ते योग्यच आहे. तिच्या बहिणींनाही तपासणीचा सल्ला दिला जातो, आणि पुढच्या गरोदरपणात अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंग तपासणीवरचा कायदा अशा जनुकीय आजारांच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो. गैरसमजामुळे अनेक घरं ती वाट विचारतसुद्धा नाहीत.

बाभुळगावच्या घराला ही वाट कुठे नेते? महाराष्ट्रात दुर्मिळ आजारांसाठी केंद्राने नेमलेलं उत्कृष्टता केंद्र मुंबईत परळला आहे: केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, १९२६ पासूनचं. बाभुळगावहून धामणगाव रेल्वे गाठायची, संध्याकाळ-रात्रीची विदर्भ एक्सप्रेस धरायची आणि सकाळी दादरला उतरायचं. प्रवास सातशे किलोमीटरच्या आसपास. तपासणीसाठी एकदा-दोनदा हे जमतं. सोयाबीनचे पैसे हाती आले असतील, मूल प्रवासात फार दमत नसेल, कुणी नातेवाईक डोंबिवली-कल्याणला असेल, तर जमतं. दर आठवड्याच्या औषधासाठी मात्र हा प्रवास कुणालाही अशक्य आहे. म्हणून निदान परळला झालं तरी सलाईन यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात लागावी, ही व्यवस्था नीट बसणं गरजेचं आहे. औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचं, सलाईन हळू सोडायची, अंगावर पुरळ किंवा दम दिसला तर थांबवायचं. जिल्ह्याच्या बालरोग विभागाला हे नवं नाही.

पैशाचा प्रश्न मोठा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. केंद्राचं राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण मार्च २०२१ मध्ये आलं. त्यात आजारांचे तीन गट आहेत: एकदाच्या उपचाराने सुटणारे, आहार-औषधांनी कमी खर्चात सांभाळता येणारे आणि आयुष्यभर महाग उपचार लागणारे. विकर द्यावा लागणारे एमपीएसचे चार प्रकार तिसऱ्या गटात येतात. सुरुवातीला २० लाखांपर्यंतची मदत पहिल्याच गटाला होती. मे २०२२ मध्ये ती सर्व गटांसाठी ५० लाखांपर्यंत नेली. एप्रिल २०२३ पासून धोरणातल्या आजारांच्या आयात औषधांवरचं मूळ सीमाशुल्कही माफ झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुर्मिळ आजारांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय निधी उभारण्याचा आदेश दिला.

पण त्याच धोरणात एक ओळ अशीही आहे, की दहा किलो वजनाच्या मुलाच्या काही दुर्मिळ आजारांचा वर्षाचा खर्च १० लाखांपासून एक कोटीच्याही वर जाऊ शकतो. हंटरचं औषध किलोमागे अर्धा मिलिग्रॅम लागतं आणि एका कुपीत सहा मिलिग्रॅम असतं. बारा किलोच्या मुलाला आठवड्याला एक कुपी, चोवीस किलोच्या मुलाला दोन. म्हणजे वर्षाला बावन्न, मग एकशे चार. मूल जगलं, वाढलं, की खर्च वाढतो. ५० लाख हा एकदाचा आकडा आहे आणि औषध आयुष्यभराचं. महाग प्रकारात ही रक्कम वर्षभरही पुरत नाही. मुलाचं वजन वाढल्याची काळजी आईबापांना वाटावी, हे कोणत्याही धोरणाचं उद्दिष्ट नसतं. औषध भारतात बनणं आणि निधी सलग मिळणं, हे दोन्ही झाल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही.

तरीही पैशाच्या आधीची एक अडचण आहे आणि ती तालुक्यातच सुटू शकते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, मुलांना तपासतात आणि तीस ठरलेल्या व्याधींच्या यादीवर खुणा करतात. जन्मजात दोष, कमतरता, आजार, वाढ-विकासातला उशीर असे या यादीचे भाग आहेत. आता एमपीएसचं एखादं तीन वर्षांचं मूल या यादीसमोर उभं करून पाहावं. कान फुटणं यादीत आहे, खूण होईल. ऐकू कमी येणं आहे. मुडदूस आहे, आणि वाकलेली पाठ पाहून तिथेही खूण होईल. बोलायला उशीर आहे. उमज कमी असणं आहे. एकाच मुलावर चार-पाच खुणा होतील आणि प्रत्येक खुणेला स्वतंत्र चिठ्ठी मिळेल: कानाच्या डॉक्टरकडे, कॅल्शियमच्या गोळ्यांकडे, हर्निया असेल तर शल्यचिकित्सकाकडे. यादीत एमपीएस हे नाव नाही. प्रत्येक खूण बरोबर, आणि सगळ्या मिळून काय सांगतात हे कुणी विचारलेलं नाही.

यात पथकाचा दोष काढणं अन्याय होईल. लाखात एक असलेला आजार बहुतेक डॉक्टर आपल्या आयुष्यात पाहतच नाहीत. पण वारंवार कान-नाकाची तक्रार, हर्निया, पुढे आलेलं पोट आणि न सरळ होणारी बोटं ही चार लक्षणं एकाच लेकरात एकत्र दिसली तर एक वेगळी चिठ्ठी द्यावी, इतकं शिकवायला फार काळ लागत नाही. त्याचा एक लाभ लगेचचा आहे. या मुलांचा श्वासमार्ग अरुंद असतो, मॉर्कियोत मानेचे मणकेही अस्थिर असतात. निदानाआधीच हर्नियासाठी किंवा टॉन्सिलसाठी भूल दिली गेली, तर ती जिवावर बेतू शकते. भूलतज्ज्ञाला आधी कळलं, तर तो तयारीने उभा राहतो.

अहमदाबादच्या फ्रिज या जनुकशास्त्र संस्थेने २०१४ मध्ये लयकारिकांच्या आजारांच्या ३८७ भारतीय मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. एकाच संस्थेत निदान झालेली एवढी मुलं म्हणजे आजार आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नये एवढा पुरावा. त्यांतली बरीच मुलं कुठल्या तरी अंगणवाडीतूनच गेली असतील.

निदानाची पहिली चाचणी लघवीची. न तुटलेल्या साखळ्या लघवीतून बाहेर पडतात, हे १९५७ मध्येच शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं होतं. निळा रंग टाकला की त्यांचं प्रमाण मोजता येतं. त्यात शंका आली तर विकराची चाचणी, आणि ती पक्की करायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि जनुक तपासावे लागतात. पण विकराच्या पहिल्या चाचणीसाठी मुलाला यवतमाळच्या पलीकडे न्यावं लागत नाही. टाचेतून किंवा बोटातून घेतलेले रक्ताचे चार-पाच थेंब जाड गाळणकागदावर छापलेल्या वर्तुळांत टाकायचे. कागद उन्हात नाही, सावलीत आडवा ठेवून तीन-चार तास वाळू द्यायचा. त्यावर मुलाचं नाव, वय, तारीख लिहायची, ओल लागू नये म्हणून शोषकाच्या पुडीबरोबर पिशवीत घालायचा, आणि पाकीट बाभुळगावच्या टपाल कार्यालयातून प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवायचं.